जुन्या फिरत्या घराची चाल



उसाची बैलगाडी भरणारा माणूस पहिली मोळी टाकण्यापूर्वींच एक गोष्ट मनाशीं ठरवितो : ओझें आंसाच्या पुढें किती आणि मागें किती. मागें अधिक झालें कीं गाडी उलाळ होते, जूं वर उचललें जातें, गळ्याखालचा पट्टा बैलांना काचूं लागतो, आणि मग बैल धड ओढीत नाहींत कीं धड वळत नाहींत. नगर जिल्ह्यांत, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत, हें ज्ञान कोणास नवें नाहीं. आज मला ज्या वाहनाविषयीं बोलावयाचें आहे, त्याचें मर्मही याच ज्ञानांत सांठविलेलें आहे.

तें वाहन म्हणजे मोटारीवरचें फिरतें घर. २०२१ सालीं महाराष्ट्र शासनानें कॅराव्हॅन पर्यटनाचें धोरण जाहीर केलें. परंतु नवें फिरतें घर घेणें सर्वांस परवडत नाहीं. म्हणून कोणी जुनेंच घर विकत घेतो, कोणी जुन्या मिनीबसमध्यें बिछाने, ओटा व पाण्याची टांकी बसवून घेतो. अशी गाडी पाथर्डीकडे जातांना करंजीच्या घाटांत शिरली, म्हणजे वळणावर एका अंगास कलते; समोरून मालमोटार गेली कीं वाऱ्याच्या धक्क्यानें डुलते; आणि आंत निजलेलें मूल व बसलेली आजी जीव मुठींत धरून असतात. मालक म्हणतो, “कमानी बदलल्या पाहिजेत.” माझें म्हणणें असें, कीं कमानींस हात लावण्यापूर्वीं गाडी वजनकांट्यावर न्यावी.

प्रवासी बस संध्याकाळीं रिकामी होते. घर कधींच रिकामें होत नाहीं. त्याच्या कमानी रात्रंदिवस वांकलेल्याच असतात. म्हणून टांकी भरून, सिलिंडर ठेवून, नेहमींचीं माणसें बसवून पुढील आंसाचें, मागील आंसाचें आणि एकंदर वजन निरनिराळें घ्यावें, आणि गाडी बनविणारानें ठरविलेल्या मर्यादेशीं तें ताडून पाहावें.

आतां हिशेब पाहा. गाडीच्या दोन आंसांमधील अंतर साडेतीन मीटर आहे, आणि १५० लिटरची टांकी मागील आंसाच्याही मागें १.४ मीटरवर बसविली आहे, असें समजा. पाण्याचें वजन १५० किलो. पण मागील आंसावर भार वाढतो २१० किलो, आणि पुढील चाकांवरचा भार ६० किलोंनीं घटतो! चढणीवर तीं चाकें आणखी हलकीं होतात, व सुकाणूचक्र हातांत पोकळ लागूं लागतें. ही गाडी उलाळच झाली. फरक इतकाच कीं येथें ओरडावयास बैल नाहींत. तीच टांकी दोन्ही आंसांच्या मध्यें व खालीं आणली, छपरावरचें सामान उतरविलें, तर एक पैसाही नव्या सुट्या भागांवर न घालतां निम्मा रोग बरा होतो.

वजनानंतर टायर. टायरची नक्षी शाबूत असली तरी रबर वयानें कडक होतें व चिरतें. टायरच्या बाजूवर चार आंकडे असतात : ३२१८ याचा अर्थ २०१८ सालचा बत्तिसावा आठवडा. हवा टायर थंड असतां, आंसावरच्या भारास अनुसरून भरावी. फार भरली तर प्रत्येक खड्डा पाठीच्या कण्यास कळतो. कमी भरली तर टायर तापून फुटण्याची भीति.

मग शॉक ॲब्सॉर्बर. कमान धक्का झेलते, पण तो परत देते. तो परतावा जिरविण्याचें काम शॉक ॲब्सॉर्बरचें. खड्डा ओलांडल्यावर गाडी एकदां हालून स्थिर झाली तर ठीक. डोलतच राहिली किंवा त्यांतून तेल गळत असेल, तर जोडी बदलावी. त्याच वेळीं कमानींच्या टोकांचे रबरी बुश व चाकांची अलाइनमेंट पाहावी.

कमानींचा क्रम शेवटचा. पाटे बसले असतील तर अवश्य दुरुस्त करावेत. पण नुसता पाटा वाढविल्यानें गाडी कडक होते, तिची कायदेशीर भारक्षमता वाढत नाहीं. ब्रेक, टायर व आंस जुनेच राहतात. एवढें करूनही वळणावर गाडी कलत असेल, तर तिला साजेसा अँटी-रोल बार उपयोगीं पडतो. मात्र गाडीच्या मूळ रचनेंत फेरफार करावयाचा तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें तो नोंदणी अधिकाऱ्याकडून मंजूर करून घ्यावा लागतो, हें विसरूं नये.

नगरजवळ वाहननगर येथें संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था आहे. तेथें गाड्यांची कसोटी खास बांधलेल्या मार्गांवर लागते. आपल्यापाशीं तीं साधनें नाहींत. पण शिस्त आपणांस उचलतां येईल. एका वेळीं एकच बदल करावा. त्याच रस्त्यावर, त्याच वेगानें, तेंच ओझें घेऊन गाडी चालवून पाहावी. आणि काय आढळलें तें वहींत टिपावें. तिन्ही उपाय एकदम केले, तर गुण कोणत्या औषधाचा हें कधींच कळत नाहीं.

आणि अखेरची परीक्षा चालकाची नव्हे. मागें बसलेल्या आजीनें घाट उतरल्यावर “घाट केव्हां सरला?” असें विचारलें, म्हणजे काम झालें असें समजावें.