थबकलेला काटा
(वार्षिक सभेतील निवेदन)



जमाखर्चाचे आकडे आपल्या हाती दिलेल्या पत्रकात आहेतच. आज बाह्यरुग्ण विभागातील वजनकाट्यावरच्या आकड्याविषयी थोडे बोलण्याची अनुमती आम्ही घेत आहोत. वैद्यकीय मत आमच्या डॉक्टरांचे. आम्ही वाणिज्य शाखेचे, केवळ हिशेब मांडतो.

डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांतून प्रेरणा घेऊन डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी महाराष्ट्रभर पोहोचविलेली दोन वेळच्या जेवणाची पद्धत आपल्या भडगाव परिसरातही अनेकांनी अंगीकारली. काहींनी आपल्याच मनाने भात, भाकरी, साखर वर्ज्य केली. पहिल्या पंधरवड्यात दोन-तीन किलो वजन उतरते, घरी कौतुक होते आणि दोन-तीन महिन्यांनी काटा जागचा हलत नाही. मग रुग्ण उरलेली अर्धी भाकरीही सोडतो. मधुमेहाच्या गोळ्या मात्र पूर्वीच्याच मात्रेत चालू असतात. अशा वेळी रक्तातील साखर एकाएकी उतरून घेरी येते आणि नातेवाईक घाबरून रुग्णास आमच्याकडे आणतात.

काटा का थांबतो? शरीरातील साखरेच्या साठ्यातील प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे ३ ग्रॅम पाणी असते. प्रारंभी घटते ते बव्हंशी हे पाणी. पुढे वजन उतरते तशी शरीराची ऊर्जेची गरजही उतरते आणि जमा व खर्च जुळतात. त्यात प्रथिने अपुरी पडली, तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात व खर्च आणखी घटतो.

येथेच आमचे लक्ष ताटाकडे गेले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये निरोगी प्रौढासाठी दर किलो वजनामागे दररोज ०.८३ ग्रॅम प्रथिने सुचविली. म्हणजे ७० किलोच्या व्यक्तीस सुमारे ५८ ग्रॅम. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात सुमारे १० ग्रॅम प्रथिने असतात. दोन भाकरी सोडणारा पिष्टाबरोबर तेवढी प्रथिनेही सोडतो, आणि त्यांच्या जागी ताटात येते काकडी! पातळ वरणाची वाटी ही तूट भरून काढत नाही. याच परिषदेच्या २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत भारतीयांच्या आहारातील सुमारे ६२ टक्के ऊर्जा पिष्टातून, तर प्रथिनांतून अवघी १२ टक्के मिळत असल्याचे दिसले.

खरे तर खान्देशाच्या स्वयंपाकघरात याचा उपाय जुनाच आहे. कळण्याच्या भाकरीत ज्वारीसोबत अख्खे उडीद दळले जातात. शंभर ग्रॅम उडदात सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात. डाळींचे वाफवलेले फुणके व कढी, मटकीची उसळ, ताक, ज्यांना चालते त्यांना अंडी, हे सारे आपल्याच घरचे. डब्यातील महागडी भुकटी विकत घेण्यापूर्वी आपल्या आईस विचारावे, असे आम्ही रुग्णांना सांगतो. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र प्रथिने स्वतःहून वाढवू नयेत आणि मधुमेहींनी आहार बदलण्यापूर्वी गोळ्यांची मात्रा डॉक्टरांकडून तपासून घ्यावी. काटा थांबला तरी कमरेचा घेर व रक्तातील साखर उतरत असेल, तर घाबरण्याचे कारण नाही.

शेवटी देणगीदारांना एक संकोचाची विनंती. वाढदिवस वा पुण्यतिथीनिमित्त आपण रुग्णांना व त्यांच्या नातेवाइकांना जेवण देता, त्याबद्दल संस्था आपली ऋणी आहे. त्या ताटात बहुधा पुरी, शिरा, बुंदी असते. यंदापासून बुंदीऐवजी घट्ट डाळ किंवा उसळ द्यावी. खर्च वाढणार नाही, हे आम्ही पडताळून पाहिले आहे.