शेजाऱ्याला आधी कळवा तरी

(कार्यकर्ता शिबिरातील भाषणाचा मजकूर)



मी संगणक अभियंता आहे, अर्थतज्ज्ञ नाही. ‘शेजारी देशांशी व्यापार’ या विषयावर बोलायचंय असं घरी सांगितलं तेव्हा अम्मी म्हणाली, ‘बोल, पण पाकिस्तानचं नाव घेऊ नकोस. दुसऱ्यानं घेतलं तर ते मत असतं, आपण घेतलं की शंका येते.’ म्हणून सुरुवात बांगलादेशापासून करतो.

माझं आजोळ निफाड तालुक्यातलं. मामूंची दोन एकर जमीन. उन्हाळ कांदा एप्रिलमध्ये चाळीत भरायचा आणि वजन घटत, सडत सप्टेंबरपर्यंत राखायचा, तो त्या वेळच्या भावासाठी. या कांद्याचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे बांगलादेश. २९ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्र सरकारनं निर्यातबंदी जाहीर केली आणि ती त्याच दिवशी लागूही झाली. सीमेवर कांद्याचे ट्रक अडकले. पुढच्याच आठवड्यात पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या होत्या. आपण स्वयंपाक्याला कांदा वापरू नकोस असं सांगितलंय, असं त्या हसत म्हणाल्या. लोक हसले. पण त्याच भाषणात त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती: आधी कळवलं असतं, तर आम्ही दुसरीकडून सोय केली असती.

पुढच्या वर्षी १४ सप्टेंबरला पुन्हा तेच. डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा.

शहरातल्या माणसाला कांदा परवडावा, हा हेतू चुकीचा नाही. पुण्यात मीही कांदा विकतच घेतो. पण आमच्या क्षेत्रात एखादी जुनी सेवा बंद करायची, तर ती वापरणाऱ्यांना कित्येक महिने आधी कळवतात. न कळवता बंद केली, तर गिऱ्हाईक पुढच्या वेळी दुसऱ्याकडे जातं. बांगलादेशानं तेच केलं. म्यानमार, इजिप्त, तुर्कस्तान, जिथून मिळाला तिथून कांदा आणला.

सार्कची स्थापना १९८५ ची. दक्षिण आशियाचा मुक्त व्यापार करार १ जानेवारी २००६ पासून लागू आहे. तरी जागतिक बँकेच्या २०१८ च्या अहवालानुसार दक्षिण आशियाचा आपसातला व्यापार एकूण व्यापाराच्या जेमतेम ५ टक्के. आग्नेय आशियात तो सुमारे २५ टक्के आहे. करारात प्रत्येक देशानं ‘संवेदनशील’ मालाची यादी करून सवलतीतून बराच माल वगळला. रस्त्याचंही तसंच. पेट्रापोलहून गेलेला आपला ट्रक पलीकडे बेनापोलला रिकामा होतो आणि माल तिथल्या ट्रकमध्ये चढतो. हमाली दोनदा, आणि वाट पाहणं वेगळंच.

आता अम्मीची माफी मागून पाकिस्तान. रमजानमध्ये आपण खातो ती खारीक शेजारच्या काकू ओटीतही घालतात. तिचा मोठा भाग सिंधमधून, खैरपूर-सुक्कूरकडून यायचा. पुलवामानंतर फेब्रुवारी २०१९ मध्ये भारतानं पाकिस्तानी मालावर २०० टक्के शुल्क लावलं. ऑगस्टमध्ये पाकिस्ताननं व्यापार थांबवला. पहलगामनंतर, मे २०२५ मध्ये, तिसऱ्या देशामार्गे येणारा मालही बंद झाला. पहलगामच्या खुन्यांबद्दल मला तुमच्याइतकाच संताप आहे. हे वाक्य मला आधी म्हणून घ्यावं लागतं, याचं वाईट वाटतं.

सुरक्षेचा निर्णय सरकारनं घ्यावा. मी विचारतोय ते एवढंच, की बिल कोण भरतं? अटारीच्या हमालांचा रोजगार गेला. माल मात्र वाट शोधतो. जून २०२५ मध्ये दुबईमार्गे आलेला पाकिस्तानी माल आपल्याच न्हावा शेवा बंदरात पकडला गेला. ३९ कंटेनर होते आणि त्यात खारीकही होती. फेरा वाढला, मधल्यांची कमाई झाली.

मैत्री होईल तेव्हा होईल. तोवर शेतमालावर बंदी घालायचीच असेल, तर तारीख आधी सांगा, भरून निघालेले ट्रक जाऊ द्या, आणि बंदी किती दिवसांची तेही सांगा. आपल्या आमदार-खासदारांकडे मागायला ही मागणी अवघड नाही. मी पत्राचा मसुदा केलाय, जेवणानंतर बघू.

मामूंनी यंदा अर्ध्या रानात मका पेरलाय.