भांदकाहून विमान किती दूर?

आमच्या भद्रावतीला रेल्वे स्टेशन आहे, त्याचे नाव भांदक. विमानतळ मात्र नाही. उत्तरेला नागपूरचे सोनेगाव, रस्त्याने सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. दक्षिणेला, चंद्रपूरच्या अलीकडे, मोरव्याची छोटी धावपट्टी. मोरव्याहून नागपूरला रोज विमान निघाले तर काय बहार होईल, असे पुष्कळांना वाटते. तेव्हा जरा हिशेब करून पाहू.

मोरवा ते सोनेगाव हे अंतर सरळ रेषेत सुमारे 123 किलोमीटर भरते. पंख्याचे प्रवासी विमान ताशी 500 किलोमीटर जाते असे धरले, तर पंधरा मिनिटे पुरे! पण विमान काही दाराशी उभ्या असलेल्या टांग्यासारखे जागेवरून निघत नाही. ते हळूहळू धावपट्टीच्या टोकाशी जाणार, आभाळात चढणार, आणि पुरते चढते न चढते तोच त्याला उतरायला लागावे लागणार. पंधराची तीस मिनिटे सहज होतात. शिवाय तासभर आधी हजर राहावयाचे, ते निराळेच. गंमत अशी की, भद्रावतीचा माणूस आधी दक्षिणेला मोरव्यास जाणार आणि मग विमानात बसून जवळजवळ आपल्याच गावावरून नागपुरास येणार! तेवढ्या वेळात वरोऱ्यावरून निघालेली मोटार बुटीबोरी गाठते.

मुंबईचा हिशेब वेगळा आहे. नागपूर ते मुंबई हवेतून सुमारे 683 किलोमीटर, आगगाडीने 837. ताशी 800 किलोमीटरच्या जेट विमानाला एक्कावन्न मिनिटे लागावीत. वेळापत्रक दीड तासाच्या आसपास सांगते. ते वेळापत्रक विमान जागेवरून हलल्यापासून थांबेपर्यंतचे असते, आणि मुंबईवर गर्दी असली की घिरट्याही घालाव्या लागतात. हिवाळ्यात वरच्या हवेत पश्चिमेचा वारा असतो. म्हणून मुंबईहून येणे लवकर होते, जाण्याला उशीर लागतो.

1949 साली रात्रीची हवाई टपाल सुरू झाली, तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपुरास एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि परत फिरत. त्या काळचे डकोटा ताशी पावणेतीनशे किलोमीटर जाई. आज वेग तिपटीच्या घरात गेला. पण भांदक ते सोनेगाव हा रस्ता विमानाच्या वेगाने थोडाच आखूड होतो?

मोरव्याहून मुंबई सरळ रेषेत सुमारे 672 किलोमीटर, म्हणजे नागपूरइतकीच. थेट विमान मिळाले तर वाचेल तो रस्ताच. पण मोरव्याची धावपट्टी मोठ्या विमानाला अपुरी. राजुरा तालुक्यात मूर्ती येथे नवा विमानतळ करण्याचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा वनजमिनीचा प्रश्न उभा राहिला. वाघाच्या वाटेवर धावपट्टी घालायची, तर रोज किती उतारू बसणार हे आधी मोजावे, असे मला वाटते.

सिरोंचाची गोष्ट मात्र अगदी निराळी. तेथून नागपूर हवेतून सुमारे 267 किलोमीटर. रस्त्याने तीनशेहून अधिक, तोही जंगलातून. ताशी 220 किलोमीटर जाणारे हेलिकॉप्टर हे अंतर सव्वा तासात तोडते. त्याला धावपट्टीही नको, एखादे मोकळे पटांगण पुरते. गडचिरोलीच्या रानातून जखमींना असे नागपुरास नेल्याच्या बातम्या आपण ऐकल्याच असतील. बाळंतपणात अडलेल्या बाईसाठीही तेच पटांगण उपयोगी पडेल.