नमुना परत पाठवण्याचा अधिकार

आज पदविका-पदव्या घेणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, एकच गोष्ट सांगायची आहे आणि तिला वेळ हवा, म्हणून थेट तिच्याकडे वळतो. उद्यापासून रुग्णालयाच्या लॅबमध्ये तुम्हाला रोज विचारले जाईल, रिपोर्ट किती वेळात गेला? खराब सॅम्पल किती परत पाठवलीत, हे कौतुकाने कोणी विचारणार नाही. माझ्या मते मात्र, खात्री नसलेला नमुना नाकारणे ही लॅबने रुग्णाची केलेली मोठी सेवा आहे, आणि नेमके तेच करायला आपला व्यवसाय कचरतो.

आपली जुनी दुखणी वेगळी होती. १९४७ साली बेल्क आणि संडरमन यांनी अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या प्रयोगशाळांकडे तपासणीसाठी सारखेच नमुने पाठवले. आलेल्या उत्तरांत इतकी तफावत आणि इतक्या चुका निघाल्या की साऱ्या व्यवसायाला आपल्या आकड्यांकडे नव्याने पाहावे लागले. १९५० साली लेव्ही आणि जेनिंग्ज यांनी कारखान्यांतला नियंत्रण-आलेख लॅबमध्ये आणला. रोज सकाळी कंट्रोल लावून तुम्ही ज्या आलेखावर ठिपका देता, तो त्यांचा. आपल्याकडे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजसारख्या संस्थांनी बाह्य गुणवत्ता तपासणी रुजवली. या कष्टांमुळे यंत्राच्या आतली चूक खूप आटोक्यात आली. आता बहुतेक चुका सॅम्पल यंत्रात जाण्याआधी होतात: वॉर्डात, रक्त काढताना, लेबल लावताना, वाहतुकीत. तिथे नियंत्रण-आलेख पोहोचत नाही.

रक्त जोराने ओढले आणि तांबड्या पेशी फुटल्या, तर त्यांच्यातले पोटॅशियम सीरममध्ये उतरते आणि धडधाकट माणसाचा रिपोर्ट हृदय बंद पडण्याच्या बेतात असल्यासारखा दिसतो. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधले रक्त लाल झाकणाच्या ट्यूबमध्ये ओतले, तर त्यातल्या ईडीटीएमुळे पोटॅशियम चढते आणि कॅल्शियम कोसळते. साध्या ट्यूबमध्ये तासन्‌तास पडून राहिलेल्या रक्तातली साखर पेशीच खाऊन टाकतात. डेंग्यूच्या दिवसांत नातेवाईक प्लेटलेटच्या आकड्यावर डोळे लावून बसलेले असतात, आणि काही जणांच्या प्लेटलेट ईडीटीएमध्ये एकमेकींना चिकटल्याने यंत्र त्या कमी मोजते. अशा वेळी स्लाइड करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, की गुच्छ दिसतात आणि अनावश्यक प्लेटलेट चढवणे टळते.

यंत्रे आता पेशी फुटल्याचा इशारा देतात, मग आमची शंका कशाला, असे तुम्ही म्हणाल. इशारा देतात हे खरे. पण ट्यूबमधले रक्त लेबलवरच्या माणसाचेच आहे का, ते सलाइन चालू असलेल्या हातातून काढले का, याचे पक्के उत्तर कोणत्याही यंत्राकडे नाही. शंकेचे मोल आपल्याच मुंबईने दाखवले आहे. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'बॉम्बे रक्तगट' जगापुढे मांडला. हे रक्त वरवरच्या चाचणीत ओ गटाचे वाटते, पण त्याचे सीरम ओ गटाच्या पेशींच्याही गुठळ्या करते. न जुळणारी ही गोष्ट त्यांनी झटकून टाकली नाही, तिचा छडा लावला. आजही सीरमची, म्हणजे उलट्या बाजूची गट-तपासणी टाळली, तर अशा रुग्णाला ओ गटाचे रक्त दिले जाऊ शकते आणि तो दगावू शकतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. रुग्ण अत्यवस्थ असतो, डॉक्टर फोनवर असतात. पुन्हा सुई टोचायची म्हणजे वेळ, खर्च आणि वेदना. तान्ह्या बाळाचे रक्त किंवा मणक्यातले पाणी असेल, तर नमुना पुन्हा मिळेलच असे नाही. अशा दुर्मीळ नमुन्याची तपासणी जरूर करा, पण त्यातला दोष रिपोर्टवर स्पष्ट लिहा. साध्या रक्ताच्या बाबतीत मात्र दुसरी सुई ही चुकीच्या उपचारापेक्षा केव्हाही स्वस्त. नाकारायचे म्हणजे गप्प बसायचे असेही नाही: ताबडतोब वॉर्डात फोन करा, कारण सांगा, नोंद करा, नवे सॅम्पल आधी चालवा.

उरते ती आपल्या व्यवसायाची जुनी जखम. रिपोर्टवर पॅथॉलॉजिस्टची सही हवी, हे योग्यच. पण न पाहिलेल्या रिपोर्टवर सही देणारेही आपल्यात आहेत, आणि ज्या टेक्निशियनने दोष पहिल्यांदा पाहिला त्याला 'तुझे काम आकडा काढण्याचे' असे सुनावणारेही आहेत. कमी पगार, रात्रपाळीला एकटा माणूस, वर घाईचा दट्ट्या: अशा स्थितीत नकार देणे महाग पडते, हे मला मान्य आहे. म्हणूनच हे ओझे एकट्या टेक्निशियनवर टाकू नये. कोणता नमुना नाकारायचा याचे लेखी नियम प्रत्येक लॅबच्या भिंतीवर असावेत, आणि त्यांप्रमाणे वागणाऱ्याच्या पाठीशी विभागप्रमुखाने उभे राहावे. तुमच्यापैकी काही जण उद्या विभागप्रमुख होतील. तेव्हा हे नियम लिहून काढा आणि पाळा. तोवर, ज्या आकड्यावर आपल्या आईवर उपचार होऊ द्यायला तुम्ही धजणार नाही, तो आकडा दुसऱ्या कोणाच्या आईच्या नावावर लॅबबाहेर जाऊ देऊ नका.