काठावरचं काम

(महिला मंडळांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



शिडाच्या होड्यांच्या क्लबाचं गाऱ्हाणं बायकांच्या मेळाव्यात कशाला, असं काहीजणींना वाटलं असेल. हा खेळ पैसेवाल्यांचा, हेही खरंच. पण पुण्याजवळच्या एका धरणावर आमचा पंचवीस-तीस सभासदांचा छोटा क्लब आहे. मी तिथे बिनपगारी चिटणीस आहे आणि जवळच्या वस्तीतल्या मुलींची रविवारची तुकडी चालवते. छोटी संस्था कुणाच्या जिवावर चालते, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

मुली ऑप्टिमिस्ट नावाच्या होडीवर शिकतात. जेमतेम २.३ मीटर लांबीची, एकटीनं चालवायची, १५ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीची होडी. एक शीड, एक सुकाणू. शिकताना ती उलटतेच. म्हणून आमचा नियम आहे : बचावबोट पाण्यात असल्याशिवाय एकही शीड उभारायचं नाही. नियम योग्यच आहे. माझी तक्रार अशी, की ती बोट चालवणारे आमच्याकडे दोघेच, आणि दोघेही पुरुष. एकाच्या घरी लग्न, दुसऱ्याची पाठ धरली, की मुलींची तुकडी रद्द. मोठ्यांच्या शर्यतीला मात्र दोघंही वेळेवर हजर!

मुली लाइफजॅकेटं घालून काठावर बसून राहतात. त्यांच्या वाटणीचं पाणी भरून आयांनी त्यांना पाठवलेलं असतं. असे दोन रविवार गेले की घरून प्रश्न येतो, "तिथे जाऊन करता तरी काय?" मग मुलगी येणं थांबते. बारा-तेरा वर्षांच्या मुली तर आधीच गळतात, कारण ओले कपडे बदलायला आडोसा नाही. ताडपत्री बांधली ती आम्ही बायकांनी. खोलीचा विषय तीन वार्षिक सभांत 'पुढील बैठकीत घ्यावा' असा नोंदला गेला. इतिवृत्त लिहिणारी मीच, म्हणून पक्कं आठवतं. नव्या शिडाचे पैसे एकाच बैठकीत मंजूर झाले.

वर्गणीसाठी मागे लागणं, पावत्या, विम्याचे कागद, चहा, ओली जॅकेटं वाळत घालणं हे सगळं आमच्याकडे. पाण्यातलं ते काम, काठावरची ती 'मदत'.

सप्टेंबर २०१७ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकारी लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशींच्या नेतृत्वाखाली 'तारिणी' घेऊन गोव्याहून निघाल्या आणि मे २०१८ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून परतल्या. त्यांचं चित्र आमच्या भिंतीवर आहे. त्याच भिंतीशी टेकून एक ज्येष्ठ सभासद मला म्हणाले, "इंजिनाची दोरी ओढायला ताकद लागते हो, ताई." दोन-दोन हंडे वाहणाऱ्या बायका समोर उभ्या होत्या!

आता आम्ही पाचजणी ते इंजिन शिकतोय. चालवणारीच्या अंगाला एक दोरी अडकवलेली असते. ती पाण्यात पडली तर दोरी सुटून इंजिन आपोआप थांबतं. पाण्यातल्या मुलीजवळ पोचताना इंजिन बंद करायचं, पंखा फिरता ठेवायचा नाही. यात ताकदीपेक्षा सराव जास्त लागतो. कार्यकारिणी म्हणते, तुमची परीक्षा घेऊ. जरूर घ्या. त्या दोघांची कुणी घेतली होती, ते मात्र इतिवृत्तात सापडत नाही.

पाचजणींत वस्तीतल्या दोन आया आहेत. त्यांना आधी पोहायला शिकायचंय, आणि जवळच्या तलावावर बायकांची वेळ दुपारी दोन ते तीन, म्हणजे नेमकी त्यांच्या धुण्याभांड्याच्या कामाची. वेळ बदलून मिळावी म्हणून अर्ज केलाय. त्यावर तुमच्या सह्या हव्यात. कागद चहाच्या टेबलावर ठेवलाय.