गाता गळा



स्नेहसंमेलनाच्या तालमीत प्राथमिक वर्गातील एखाद्या मुलास हळूच सांगितले जाते, "तू नुसते ओठ हलव." सांगणारा ते विसरून जातो. ऐकणारा मात्र पन्नाशी गाठली तरी "आपल्याला गाणे येत नाही" असेच म्हणत राहतो. सात वर्षांच्या मुलावर बेसूर हा शिक्का मारण्याचा अधिकार कोणाला आहे, हा प्रश्न शाळेच्या हीरक महोत्सवातही विचारण्याजोगा आहे.

मूल बेसूर ठरते तेव्हा पुष्कळदा दोष पट्टीचा असतो. शिक्षिका आपल्या सोयीने पेटीवर काळी चार किंवा काळी पाचचा षड्ज धरतात. गाण्याची ओळ मंद्र पंचमाकडे उतरली की लहान मुलाचा आवाज तेथे पोहोचतच नाही. मग ते बोलल्यासारखे पुटपुटते. षड्ज दोन-तीन पट्ट्या वर घेतला आणि त्याखाली न उतरणारे, पाच-सहा स्वरांत फिरणारे गाणे निवडले, तर तेच मूल सुरात येऊ लागते. पुरुष शिक्षकाच्या खालच्या आवाजाशी आपला आवाज जुळवणे तर मुलांना आणखीच कठीण जाते. अशा वेळी वर्गातल्याच एखाद्या सुरेल मुलीने ओळ म्हणून दाखवावी.

पहाडगंजात आणखी एक अडचण आहे. नवी दिल्ली स्थानक आणि मेन बाजार यांच्या गजबजाटात वाढणारे मूल आवाज चढवायला आपोआप शिकते. त्याला "मोठ्याने म्हणा" असे सांगणे म्हणजे ओरडण्यास उत्तेजन देणे. त्यापेक्षा घंटेचा एक टोल द्यावा आणि तिचा नाद पूर्ण विरेपर्यंत वर्गाला डोळे मिटून ऐकू द्यावे. संगीताचा पहिला धडा ऐकण्याचा असतो. सारेगम पाढ्यांसारखे घोकवले, तर पाढ्यांचीच भीती त्याला चिकटते.

पं. विष्णू दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि गाणे सामान्य घरांतील मुलांसाठी खुले केले. त्यांच्याच परंपरेतील पं. विनयचंद्र मौद्गल्य यांनी १९३९ मध्ये दिल्लीत गांधर्व महाविद्यालय सुरू केले. स्वरलिपी, क्रमिक पुस्तके, परीक्षा ही सारी मोठी देणगी होय. परंतु ती पहिली-दुसरीच्या मुलासाठी नव्हे. त्या वयासाठी मराठी घरांत निराळीच पाठशाळा होती, आणि ती म्हणजे भोंडला. पाटावर हत्तीचे चित्र, भोवती फेर, दोन-चार स्वरांत फिरणारी चाल, पुन:पुन्हा येणारे ध्रुपद आणि पावलांत आपोआप भिनणारा ठेका. तेथे कोणी चुकत नाही, कारण कोणी एकटे गात नाही. शेवटी झाकलेली खिरापत ओळखण्याची उत्सुकता असतेच. हस्त नक्षत्राच्या सुमारास, दिल्लीत रामलीलांची लगबग असते त्याच दिवसांत, प्राथमिक वर्गांनी, मुलगे-मुली दोघांनीही, असा फेर धरावा. महिनाभराच्या शिकवणीने जे साधत नाही ते त्या आठवड्यात साधते.

दिल्लीच्या मुलाला गाण्याचा आणखी एक लाभ होतो. दिवसभर हिंदीत वावरणारे मूल 'काळा'चा 'काला' करते आणि 'चंद्र' व 'चांदोबा' यांतला च सारखाच उच्चारते. दुरुस्त करू गेल्यास ते संकोचते. गाण्यात मात्र ळ चालीबरोबर येतो आणि जिभेवर राहतो. आजीशी मराठीत बोलायला लाजणारी मुले तिच्यासमोर बडबडगीत न अडखळता म्हणतात, हा अनुभव अनेक घरांत असेल.

तरीही चाचणी परीक्षा जवळ आली की गणिताला दिला जातो तो संगीताचाच तास. पालकांनीही याला कधी हरकत घेतलेली नसते. उलट काही वेळा तशी मागणी तेच करतात. 'गाता गळा, शिंपता मळा' हे सर्वांना पाठ आहे, पण पाणी तोडले तर मळा सुकतो, याची आठवण त्या आठवड्यात कोणालाच होत नाही. माजी विद्यार्थी शाळेला वाद्ये देण्याची इच्छा दाखवतात, त्यांचे स्वागतच आहे. त्याबरोबर त्यांनी वेळापत्रकातील तो तासही मागावा. आणि यंदाच्या संमेलनात निवडक दहा गळ्यांऐवजी तिसरीचा संपूर्ण वर्ग मंचावर उभा राहावा. स्वर न सापडणाऱ्या मुलाला सुरेल मुलाच्या शेजारी उभे करावे, आणि त्याला ओठांबरोबर आवाजही मोकळा सोडू द्यावा.