चेर्नोबिलची मुले आणि औषधदानाचा विधी



औषधदानाचा विषय वलगावच्या भूमीत निघावा आणि संत गाडगेबाबांचे स्मरण होऊ नये, हे संभवत नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे नेत असताना येथल्या पेढी नदीच्या पुलाजवळ बाबांनी देह ठेवला. रोग्याला रुग्णालयात खाट मिळते, पण त्याच्यासोबत आलेली माणसे रस्त्यावर झोपतात, हे बाबांनी पाहिले आणि मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ धर्मशाळा उभी केली. घेणाऱ्याचे नेमके काय अडले आहे, तेथून त्यांचा विचार सुरू होत असे.

तत्त्वार्थसूत्रानेही दानाचे वैशिष्ट्य विधी, द्रव्य, दाता आणि पात्र या चौघांवर अवलंबून असल्याचे सांगितले आहे. मुनींच्या आहारदानात घरोघरी जी काटेकोर दक्षता पाळली जाते, ती औषधांचे खोके भरताना मात्र क्वचितच दिसते. हा दोष किती महाग पडतो, हे समजण्यासाठी एका दूरदेशीच्या आपत्तीकडे पाहणे उपयुक्त ठरेल.

२६ एप्रिल १९८६ च्या मध्यरात्रीनंतर तत्कालीन सोव्हिएत संघातील युक्रेनमध्ये चेर्नोबिल अणुवीज केंद्राच्या चौथ्या अणुभट्टीचा स्फोट झाला. वाऱ्याबरोबर किरणोत्सारी आयोडीन युक्रेन, बेलारूस आणि रशियाच्या कुरणांवर उतरले. गाईंनी ते गवत खाल्ले आणि माता आपल्या लेकरांना विश्वासाने दूध पाजत राहिल्या. गळ्यातील थायरॉईड ग्रंथीला आयोडीन हवेच असते. चांगले कोणते, घातक कोणते, हे तिला कळत नाही. मुलांची ग्रंथी लहान, म्हणून आघात मोठा. त्यातून त्या भागातील आहारात मुळातच आयोडीन कमी होते, त्यामुळे ग्रंथीने ते अधिकच ओढून घेतले.

या विषावर उतारा होता, आणि तोही अगदी स्वस्त. साधे आयोडीन वेळेवर पोटात गेले, तर ग्रंथी तृप्त होते आणि घातक आयोडीनला जागा उरत नाही. शेजारच्या पोलंडने काही दिवसांतच सुमारे १ कोटी मुलांना आयोडीन पाजले. जेथे विष सर्वाधिक पडले, तेथल्या अनेक खेड्यांत मात्र ते वेळेवर पोहोचले नाही. हे किरणोत्सारी आयोडीन दर आठ दिवसांनी निम्मे होत जाते. म्हणजे महिन्यानंतर पाठविलेला आयोडीनचा डोंगरही या कामी निरुपयोगी. २००५ पर्यंत त्या तीन देशांतील, अपघातसमयी अठरा वर्षांखालील असलेल्यांपैकी ६ हजारांहून अधिक जणांना थायरॉईडचा कर्करोग झाल्याचे नोंदले गेले. शस्त्रक्रियेने बहुतेकांचे प्राण वाचले; परंतु ग्रंथी काढलेल्या रोग्याला लेव्होथायरॉक्सिनची गोळी रोज, जन्मभर घ्यावी लागते.

आता प्रश्न असा की, अशा मुलांना मदत पाठवावयाची तर काय पाठवावे? १९८८ च्या आर्मेनियातील भूकंपाचा अनुभव येथे बोलका आहे. जगभरातून ५ हजार टन औषधे व वैद्यकीय साहित्य आले. काय आले आहे हे समजण्यासाठीच ५० माणसांना सहा महिने खपावे लागले. शंभरातील आठ भाग औषधांची मुदत पोहोचण्यापूर्वीच संपली होती, चार भाग थंडीने नासली आणि उरलेल्यांपैकी कित्येकांवर केवळ कंपनीचे नाव, तेही परक्या लिपीत! देणाऱ्यांची भावना शुद्ध होती, यात शंका नाही. त्या माणसांचे सहा महिने मात्र गेले. पुढे १९९६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने औषधदानाचे नियमच घालून दिले. मागणी असेल तेच द्यावे, पोहोचतेवेळी किमान एक वर्षाची मुदत शिल्लक असावी, औषधाचे मूळ नाव तेथल्या डॉक्टरांना समजेल अशा भाषेत असावे. घरोघरच्या उरलेल्या पट्ट्या आणि फुकटचे नमुने तर नकोतच.

मागणी आधी आणि मदत नंतर, हा क्रम विदर्भाला नवा नाही. चीनचे सेनानी चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय साहाय्य मागितले, तेव्हा १९३८ मध्ये राष्ट्रीय सभेने पाच डॉक्टर धाडले. त्यांत सोलापूरचे डॉ. कोटणीस होते, हे सर्वांना ठाऊक आहे. नागपूरचे वयोवृद्ध डॉ. चोळकरही त्यांत होते, हे मात्र विस्मरणात गेले.

चेर्नोबिलच्या मुलांसाठी क्यूबाने तर औषध पाठविण्याऐवजी मुलांनाच बोलाविले. १९९० पासून २०११ पर्यंत हवानाजवळच्या तारारा या समुद्रकाठच्या वसाहतीत २० हजारांहून अधिक मुलांवर विनामूल्य उपचार झाले. त्याच काळात सोव्हिएत संघ कोसळल्याने क्यूबा स्वतः अन्नधान्याला मोताद होता! आजारी लेकरांसोबत आलेल्या माताही तेथे राहिल्या, जे. जे. जवळच्या धर्मशाळेमागील विचार येथेही दिसतो.

१९८६ मध्ये चार वर्षांची असलेली, ग्रंथी गमावलेली एखादी मुलगी आज चाळिशी ओलांडून गेली आहे. तिला ती गोळी आजही रोज सकाळी उपाशीपोटी घ्यावी लागते.